बायोडाटात नुसतं 'मजूर' लिहू नका

(वस्तीतल्या विहारात तरुण पोरापोरींपुढं केलेलं भाषण. बोलताना राहिलं ते लिहिताना घातलं आहे. जास्त बोललो ते काढलेलं नाही.)



कविता वाचायला बोलावलं की मी बिनधास्त येतो. पण 'बायोडाटा कसा लिहायचा यावर बोल' म्हणून निरोप आला तेव्हा हसू आलं. मी मॅट्रिक. ५२ टक्के. गोदीत ठेकेदाराकडं आहे, जहाजातलं लोखंड उतरवतो. समोर बघतो तर बी.कॉम. बसलेत, डिप्लोमावाले बसलेत, मागं ती भिंतीला टेकलेली बहीण एम.एस.डब्ल्यू. करतेय. तुम्हाला मी काय शिकवणार? पण कार्यकर्ते म्हणाले, तुला बोलावणं आलं ना, मग कसं आलं तेवढं सांग. तेवढं सांगतो. गेल्या वर्षभरात मी माझा बायोडाटा सात वेळा लिहिला. सहा वेळा कुणी कुत्र्यानं विचारलं नाही. सातव्या वेळी एका खाजगी टर्मिनलवरून फोन आला.

पहिला कागद स्टेशनाबाहेरच्या झेरॉक्सवाल्यानं करून दिला. त्याच्याकडं साचा तयार असतो. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, विवाहित की अविवाहित, उंची, छंद. छंदात त्यानं आपणहून 'वाचन व क्रिकेट' टाकलं. मी कविता लिहितो म्हटलं, तर म्हणाला, ते नको, साहेब लोकांना वाटतं पोरगा कामचुकार आहे. खाली 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' आणि सही. तीस रुपये. घरी आणला तेव्हा आई म्हणाली, स्थळ बघायला निघालास का? खरंच, त्या कागदावर लग्न जमलं असतं. नोकरी जमली नाही. कारण अनुभवाच्या रकान्यात एकच ओळ होती. 'मजूर, सहा वर्षे.'

सहा वर्षं! एकोणीसाव्या वर्षी गोदीत शिरलो, आता पंचविसावं चालू आहे. सहा वर्षांचा घाम एका शब्दात बसवला आणि तो शब्दही दुसऱ्याचा. ठेकेदाराच्या रजिस्टरात आमच्या टोळीच्या नावापुढं तो लिहिलेला असतो, तोच मी निमूट उचलला होता.

नंतरचे चार-पाच कागद असेच गेले. कुठं फाँट बदलला, कुठं फोटो डकवला. एकदा नेटवरचा इंग्रजी नमुना उतरवला आणि 'फ्लुएंट इंग्लिश' असं ठोकून दिलं. एका गोडाऊनवाल्यानं फोन केला आणि इंग्रजीतच सुरू झाला. मी फोन ठेवून दिला. त्या दिवसापासून खोटं बंद. पाप लागतं म्हणून नाही, पकडलो जातो म्हणून.

सातवा कागद कसा झाला ते ऐका. आमच्या धक्क्यावर एक म्हातारे टॅली क्लार्क आहेत. माल मोजून टॅली शीटवर लिहायचं त्यांचं काम. जेवणाच्या सुट्टीत त्यांना बायोडाटा दाखवला. त्यांनी वाचला, परत दिला, आणि म्हणाले, "हे सगळं राहू दे. गेटातून आत गेल्यावर पहिलं काय करतोस ते सांग."

मी म्हटलं, काय करणार, काम करतो.

"काय काम?"

मग सांगायला लागलो. पहिलं म्हणजे स्लिंग बघतो. तारेची एखादी लड तुटलीय का, कुठं पिळ सुटलाय का. शॅकल बघतो, त्याच्यावर किती टनापर्यंत चालतं ते कोरलेलं असतं. एकेक कॉइल दहा टन, पंधरा टन, वीस टनांचीही येते. वजन तिच्या चिठ्ठीवर असतं, ते आणि शॅकलचा आकडा जुळतो का बघतो. कॉइलच्या पोटातून स्लिंग ओवतो. क्रेनवाल्याला खालचं दिसत नाही, त्याला हातानं इशारा देतो. हळू वर घे, थांब, डावीकडं, आता सोड. माल झोके घेऊ लागला तर दोर धरून सरळ करतो. धक्क्यावर लाकडाच्या पट्ट्या आधी मांडून ठेवतो, नाहीतर कॉइल गडगडते. टॅलीवाला जागेवर नसला तर कॉइलचे नंबर मी उतरवून ठेवतो. मागच्या पावसाळ्यात एका स्लिंगची लड तुटलेली दिसली म्हणून मी उचल थांबवली होती. फोरमननं आईबहीण काढली, पण स्लिंग बदलली.

म्हातारबुवांनी हे सगळं टॅली शीटच्या पाठीवर लिहून काढलं होतं. कागद माझ्या हातात दिला. म्हणाले, "याला मजूर म्हणत नाहीत रे. याला रिगर म्हणतात, सिग्नलमन म्हणतात. या नावानं जाहिराती येतात. तू मजुराच्या जाहिराती वाचत बसलास."

मी तो कागद धरून बराच वेळ बसलो होतो. सहा वर्षं मी एक विद्या वापरत होतो आणि तिला नाव आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या बापजाद्यांनी चामडं कमावलं, गावाच्या सीमेचे दगड ओळखले, मेलेलं ढोर सोलताना कुठली शीर कुठं जाते ते पोटच्या पोरासारखं जाणलं. त्या सगळ्याला गावानं एकच नाव दिलं आणि ते नाव शिवी म्हणून वापरलं. बायोडाटा लिहायला बसलात की ही गोष्ट ध्यानात ठेवा. तुम्ही जे करता त्याला त्या धंद्यातला माणूस काय म्हणतो ते आधी शोधा. जो घरोघरी पार्सल पोचवतो त्यानं 'डिलिव्हरी बॉय' लिहून थांबू नये. दिवसाला किती पार्सलं, किती रोकड जमा करून हिशेब दिला, किती पत्ते पाठ आहेत. जी बहीण लहान मुलांच्या शिकवण्या घेते तिनं किती मुलं, कुठल्या इयत्तेची, किती वर्षं, ते लिहावं. आकडा घाला. आकड्याला जात नसते असं मला वाटायचं. तसं नाहीये, पण शब्दापेक्षा आकडा खोडायला अवघड जातो एवढं खरं.

आणि विशेषणं काढा. हे मी कवितेत मार खाऊन शिकलोय. आपल्या पोरांच्या प्रत्येक बायोडाटात तीन शब्द असतात. मेहनती, प्रामाणिक, होतकरू. हे शब्द मालक नोकराबद्दल बोलतो, मित्रांनो. 'माणूस प्रामाणिक आहे हो, ठेवून घ्या.' कुणी चोर म्हणायच्या आधीच आपण खिसे उलटे करून का दाखवायचे? बँकेच्या मॅनेजरचा पोरगा लिहितो का, मी प्रामाणिक आहे म्हणून? तो काय केलं ते लिहितो. कागद एका पानाचा ठेवा. वर नाव, फोन, कुठलं काम पाहिजे ते. मग केलेलं काम, अलीकडचं आधी. मग शिक्षण. उंची, वजन, धर्म, जात, वडिलांचा धंदा, हे खाजगी कंपनीच्या बायोडाटात लिहायची काही गरज नाही. आणि एकच कागद पन्नास ठिकाणी फेकू नका. जाहिरातीत जे मागितलंय ते तुमच्याकडं असेल तर त्याच शब्दात वर आणा.

आता जयंतीचं. हसू नका. आपल्यातले किती जण जयंती कमिटीत आहेत? पोलीस ठाण्याची परवानगी कोण आणतं? वॉर्ड ऑफिसात मंडपाचा अर्ज कोण देतं? लाऊडस्पीकरचं लायसन? घरोघरची वर्गणी, पावतीबुकं, दोन-तीन लाखांचा हिशेब, तो पुन्हा वस्तीसमोर वाचून दाखवायचा, आणि एक रुपया चुकला तर वर्षभर तोंड दाखवायची सोय नाही. मिरवणुकीत हजार माणसं, शंभर स्वयंसेवक, ॲम्ब्युलन्सला वाट. हेच काम पैसे घेऊन करणाऱ्याला लोक इव्हेंट मॅनेजर म्हणतात, तो सूटबूट घालून फिरतो. आपला खजिनदार मात्र बायोडाटात लिहितो, 'अनुभव नाही'. च्यायला, अनुभव नाही!

लगेच प्रश्न येतो, मला माहीत आहे. जयंती लिहिली की जात कळली.

यावर गोड बोलणार नाही. जात कळते. आडनावावरून कळते, पत्त्यातल्या 'नगर'वरून कळते. ही आपली शंका नाही, मोजून दाखवलेली गोष्ट आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या दोघांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सारखा, फक्त नावं वेगळी. काही नावं सवर्ण हिंदू, काही दलित, काही मुसलमान. २००७ साली निकाल छापला. बोलावणं येण्याची सवर्ण नावाची शक्यता तीन धरली तर दलित नावाची साधारण दोन, मुसलमान नावाची एक. तेव्हा कुणी तुम्हाला सांगेल की बायोडाटा झकास असला की दार उघडतं, तर त्याला विचारा, ते अर्ज काय वाईट होते?

आमचा एक दोस्त आहे, बी.कॉम. फर्स्ट क्लास. त्यानं आडनाव गाळलं. नुसतं नाव आणि वडिलांचं नाव. पत्ता मामाच्या मित्राच्या फ्लॅटचा. यात खोटं काहीच नाही आणि नोकरी लागली. ऑफिसातल्यांनी आपापल्या मनानं त्याला एक जात देऊन टाकली, त्यानं ती नाकारली नाही. आता १४ एप्रिलला त्याला दरवर्षी ताप येतो. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात पाणी वाटायला आला तेव्हा तोंडाला रुमाल होता. धुळीचा त्रास होतो म्हणाला. त्याच्या साखरपुड्याला ऑफिसातलं एकही माणूस नव्हतं. आमच्यातले काही जण त्याला शिव्या घालतात. मी घालत नाही. त्याच्या घरी पाच माणसं खाणारी आहेत.

आणि शिव्या घालणाऱ्यांनी बडोदा आठवावं. १९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकलेले, कोलंबिया विद्यापीठाचे एम.ए. त्या काळात यापेक्षा मोठा बायोडाटा कुणाचा असणार? राहायला खोली मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत रजिस्टरात पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसं आली. त्यांनी खोली सोडली आणि बागेत जाऊन बसले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवलीय. नाव लपवायची पाळी कुणावर आली होती ते बघा, आणि मग आमच्या दोस्ताबद्दल बोला. पण हेही बघा की लपवलेलं नाव अकराच दिवस पुरलं.

मी स्वतः आडनाव ठेवलं. शूर आहे म्हणून नाही. माझ्या कविता त्याच नावानं छापून येतात, लपवायला उशीर झाला होता.

सरकारी अर्जाची गोष्ट उलटी. तिथं जातीच्या रकान्यात लाजून 'ओपन' लिहिणारी पोरं मी बघितलीत. अरे, तो रकाना कुणाची भीक नाही, घटनेच्या १६व्या कलमातून आलाय. आणि तो भरला म्हणून खुली जागा हातची जात नाही. सवलत न घेता गुणांवर वर आलात तर तुम्हाला खुल्या जागेत धरायचं, राखीव जागा खायची नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९९५ साली सभरवाल खटल्यात सांगितलंय. फक्त जातीचा दाखला आणि पडताळणी आत्तापासून करून ठेवा. जाहिरात निघाल्यावर पळापळ करू नका, समितीकडं फाईल महिनोन्‌महिने पडते. १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा पुरावा मागतात. आमच्याकडं आज्याचा गावच्या शाळेचा दाखला निघाला, १९४७ साली पहिलीत नाव घातलं होतं. दुसरीत गेलाच नाही. पण त्या एका वर्षावर आमचं सगळं घर सर्टिफिकेट काढतं.

आज्याचं नाव निघालंच आहे तर सांगतो. तो याच गोदीत होता. १९४८च्या कायद्यानं गोदी कामगारांची नोंदवही झाली, मंडळ झालं, त्याच्या वहीत आज्याचं नाव होतं. हमाल म्हणून लागला, विंचवर बसून रिटायर झाला. पेन्शन घेऊन मेला. 'करिअर' हा शब्द त्याला म्हणता आला नसता, पण त्याला वर चढायला पायऱ्या होत्या, कारण युनियननं भांडून त्या बांधल्या होत्या. मग न्हावा-शेवा १९८९ साली सुरू झालं, माल कंटेनरात गेला, इथली भरती आटली, ठेकेदार आले. मी दर वर्षी नव्यानं लागतो. सहा वर्षांत सहा वेळा पहिल्या दिवशीचा नवखा. म्हणून कुणी 'करिअर घडवा' असं व्याख्यान देऊ लागला की माझं डोकं फिरतं. पायऱ्या काढून घ्यायच्या आणि चढ म्हणायचं! तरी मी १७ नंबरचा फॉर्म भरलाय, बाहेरून बारावी करतोय, आणि क्रेन शिकायची चौकशी चालू आहे. डोकं फिरलं तरी दोन्ही करावं लागतं.

तर त्या टर्मिनलवर मुलाखतीला गेलो. तिघे होते. एकानं हाताचे इशारे करून दाखवायला सांगितले, दाखवले. वीस टनाची कॉइल आणि बारा टनाचा शॅकल दिला तर काय करशील? म्हटलं, उचलणार नाही. ते ठीक झालं. मग मधल्या साहेबानं हसत विचारलं, घरी कोण कोण? वडील काय करतात? मूळ गाव कुठलं? आडनाव गावावरून पडलंय का?

हा प्रश्न तुम्हालाही येणार. 'फॅमिली बॅकग्राउंड' म्हणतात त्याला. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी २५ कंपन्यांत माणसं भरणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून २००७ सालीच लिहिलंय, की जात बघत नाही म्हणणारे जवळजवळ सगळेच घरची पार्श्वभूमी मात्र बघतात. मी उत्तर दिलं. वडील वॉचमन, आजा गोदी कामगार, लोखंड उचलणारी तिसरी पिढी मी. आणि लगेच मीच विचारलं, तुमच्याकडं स्लिंगांची तपासणी किती दिवसांनी होते, नोंद कोण ठेवतं? मधला साहेब गप्प झाला, पहिला बोलायला लागला. हे मी घरून ठरवून गेलो होतो. घराण्याचं बोलणं निघालं की कामाचा एक प्रश्न विचारायचा. शेवटी म्हणाले, सहा वर्षांचा अनुभवाचा दाखला घेऊन या, मग बघू.

दाखला! तिथं घोडं अडलंय.

पी.एफ. कापला जात असेल तर यू.ए.एन. नंबर टाकून आपली नोंद बघा. कुठल्या मालकाकडं कधीपासून कधीपर्यंत होतो ते त्यात दिसतं, तोही पुरावा असतो. माझी काढली तर सहा वर्षांतली दोन वर्षं आठ महिने निघाली. बाकीचा मी कुठं होतो? लोखंडाखाली. नशीब, जुन्या गेटपासांच्या झेरॉक्सा आईनं तांदळाच्या डब्यात जपल्या होत्या. तुम्हीही काही फेकू नका. हजेरीचा फोटो, पगाराचा मेसेज, काहीही.

ठेकेदाराकडं गेलो. तो म्हणाला, "दाखला कसला? तू काय ऑफिसर आहेस?" १९७०चा कंत्राटी कामगारांचा कायदा होता तेव्हा त्याच्या नियमात तीन दिवसांत रोजगार कार्ड आणि काम सुटल्यावर सेवेचा दाखला होता. आमच्या टोळीत ते कार्ड कुणी डोळ्यांनी बघितलं नाही. आता २०२०ची कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची आणि आरोग्याची संहिता आहे. तिच्यात लिहिलंय की कंत्राटी कामगारानं मागितला तर ठेकेदारानं अनुभवाचा दाखला द्यायचा, काय काम केलं त्याचा तपशील घालून. 'मागितला तर.' म्हणून मी लेखी मागितला. दोन प्रती. दुसरीवर त्याच्या कारकुनाची सही आणि तारीख घेतली. कामाचा तपशील मीच लिहून जोडला, म्हातारबुवांनी टॅली शीटवर लिहून दिला होता तोच.

दुसऱ्या दिवशी मुकादम म्हणाला, "कागद मागे घे. पास रिन्यू व्हायचाय ना तुझा?" टोळीतल्या नऊ जणांना मी हे सांगितलं. चार जणांनी त्याच आठवड्यात आपापले अर्ज दिले. दोघं म्हणाले, बघू. तिघं माझ्याशी बोलत नाहीत, त्यांची पोरं लहान आहेत.

माझा पास येत्या तीस तारखेला संपतो. पोच घेतलेली प्रत खिशात आहे, ज्यांना नमुना पाहिजे त्यांनी खाली उतरल्यावर फोटो काढून घ्या.